संगणक कक्षाची शिदोरी

आमच्या विद्यालयाचा संगणक कक्ष पाहायला येणारे माजी विद्यार्थी आणि पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. संगणक किती आहेत, हा पहिला. आणि इंटरनेट आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजून देता येते. दुसऱ्याचे थोडे लांबते. कार्यालयातील एका संगणकाला इंटरनेटची जोडणी आहे, तीही पावसाळ्यात कधी कधी दिवसेंदिवस बंद असते. कक्षातील संगणक एकमेकांशी तारेने जोडलेले आहेत. बाहेरच्या जगाशी त्यांचा थेट संबंध नाही. हे काही अंशी अडचणीमुळे आहे आणि काही अंशी विचारपूर्वक, कारण निवासी शाळेत मुले रात्रंदिवस राहतात आणि त्यांच्या हाती काय द्यावे हे शाळेलाच ठरवावे लागते.

हे ऐकल्यावर तिसरा प्रश्न येतो. इंटरनेटच नाही, तर दर महिन्याला अपडेट करण्याचा खटाटोप कशासाठी? व्हायरस येणार कुठून? संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलेले आमचे काही माजी विद्यार्थीही असे विचारतात. स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, आणि अपडेट एकदाच उतरवून, जपून ठेवून, इंटरनेटविना सर्व संगणकांवर कसे बसवता येतात तेही सांगावे, म्हणून हा लेख.

संगणक सुरू केल्यावर पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि फाइली या सर्वांचा कारभार जी प्रणाली पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुतेक शाळांत ती विंडोज असते. इतक्या मोठ्या प्रणालीत चुका राहतातच. त्यांपैकी काही चुका अशा असतात की त्यांतून परक्याला आत शिरता येते. चूक ध्यानात आली की निर्माती कंपनी दुरुस्ती काढते. तीच सुरक्षा अपडेट. कौलारू घरात राहिलेल्यांना हे लगेच उमगेल. पावसाळ्याआधी घर शाकारताना आपण नवे घर बांधत नाही, फक्त सरकलेली आणि फुटलेली कौले पाहतो. फरक इतकाच की आपले कौल फुटले आहे हे शेजाऱ्याला ठाऊक नसते. संगणकाचे मात्र तसे नाही. दुरुस्ती जाहीर झाली की नेमकी कोणती जागा दुबळी होती हे जाणकारांना दुरुस्तीवरूनच कळते, आणि त्या जाणकारांत चोरही असतात. त्यामुळे ज्याने ती दुरुस्ती बसवली नाही, त्याचा धोका जाहीर झाल्याच्या दिवसापासून वाढतो.

विंडोजच्या सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. ही प्रथा २००३ सालापासून आहे. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र, म्हणून आपल्या हिशेबाने त्या बुधवारी हाती येतात.

आता इंटरनेट नसल्याच्या सुरक्षिततेविषयी. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखवणारी दोन उदाहरणे आहेत. २००८ सालच्या अखेरीस ‘कॉन्फिकर’ नावाचा प्रोग्राम जगभरच्या लाखो संगणकांत शिरला. ज्या चुकीचा त्याने फायदा घेतला तिची दुरुस्ती २३ ऑक्टोबर २००८ रोजीच निघाली होती. त्याची पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवरूनही पसरू लागली. पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप चालू करण्याची सोय त्या काळच्या विंडोजमध्ये होती, तीच त्याने वापरली. ज्यांनी त्या वर्षांत एखाद्या गावातील संगणक केंद्रात प्रशिक्षण घेतले असेल, त्यांना पेनड्राइव्हमधील सगळ्या फोल्डरांचे एकाएकी ‘शॉर्टकट’ झालेले आठवत असेल. तो प्रकार वेगळ्या प्रोग्रामांचा होता, पण वाट तीच. शाळेत तर पेनड्राइव्हची ये-जा थांबत नाही : प्रश्नपत्रिका छपाईला जाते, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे येतात, कोणाचे तरी भाषण कोणाच्या तरी लॅपटॉपवर असते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम पसरू लागला. तो संगणकातील फाइलींना जणू कुलूप घाली आणि किल्लीसाठी पैसे मागे. दीडशेहून अधिक देशांत त्याची झळ पोचली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी ८१ रुग्णालय-संस्थांना त्याचा फटका बसला आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. या चुकीची दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, मिळत होती. हा प्रोग्राम पसरण्यासाठी कोणी काही उघडावे लागत नव्हते. एकाच तारेने जोडलेल्या संगणकांत तो एकातून दुसऱ्यात स्वतःच जाई. बाहेरून आलेला एक बाधित लॅपटॉप कक्षाच्या तारेला जोडला, की पुढचे काम तो प्रोग्रामच करी.

यातील एक बारकावा आमच्या विषयाच्या अगदी मर्माचा आहे. वॉनाक्राय कामाला लागण्यापूर्वी इंटरनेटवरील एक विचित्र, लांबलचक पत्ता शोधी. तो पत्ता सापडला, तर स्वतःहून थांबे. मार्कस हचिन्स या ब्रिटनमधील तरुण संशोधकाने तो पत्ता नोंदवून टाकला आणि प्रसाराला मोठा आळा बसला. जगभरचे असंख्य संगणक अशा रीतीने वाचले. पण जे इंटरनेटशी जोडलेलेच नव्हते, त्यांना तो पत्ता कसा सापडावा? तेथे वॉनाक्राय थांबत नसे. बाहेरच्या धोक्यापासून दूर राहिलेला संगणक या वेळी बाहेरून आलेल्या मदतीपासूनही दूर राहिला. त्याला वाचवू शकणारी गोष्ट एकच होती : मार्च महिन्यातली ती दुरुस्ती, कोणीतरी हाताने आणून बसवलेली.

आमच्या कार्यालयातील संगणकात काय साठवलेले असते, हे पालकांना माहीत आहे. शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांच्या प्रती. त्यांतील एकेका कागदासाठी कोणीतरी मजुरी बुडवून तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहिलेले असते. एखाद्या कागदासाठी तीन पिढ्यांचे पुरावे गोळा करावे लागलेले असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली असताना या फाइलींना कुलूप लागले, तर नुकसान संगणकाचे होत नाही. म्हणून या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, एरवी संगणकापासून तोडून, ठेवावीच लागते; अपडेट केल्याने ती गरज संपत नाही. मात्र घर जळाल्यावर उपयोगी पडणारी प्रत आणि घर जळूच नये म्हणून केलेली व्यवस्था, या दोन्ही हव्यात.

आता पद्धतीकडे वळू. अन्नाचा साठा करून ठेवण्यास भिक्खूंना विनयात मनाई आहे, हे आमच्या वसतिगृहातील मुलेही जाणतात. संगणकाला मात्र गृहस्थाचे नियम लावावे लागतात. त्याच्यासाठी कोठी भरून ठेवावी लागते.

ही कोठी जिथून भरायची ते ठिकाण म्हणजे मायक्रोसॉफ्टची स्वतःची ‘अपडेट कॅटलॉग’ ही सूची. तिथे प्रत्येक अपडेट स्वतंत्र फाइलीच्या रूपात विनामूल्य मिळते. अपडेटचा क्रमांक ‘केबी’ या अक्षरांनी सुरू होतो. तो घालून शोधले की यादी समोर येते. इतर कोणत्याही ठिकाणाहून, विशेषतः ‘सर्व अपडेट एकत्र’ असे आमिष दाखवणाऱ्या जागांवरून, आम्ही काही घेत नाही. यादीत एकाच क्रमांकाच्या चार-पाच फाइली दिसतात आणि पुष्कळांचा गोंधळ तिथेच उडतो. आपल्याला कोणती हवी हे ठरवण्यासाठी आपल्या संगणकावर ‘विनव्हर’ ही आज्ञा चालवावी. विंडोज कोणती, तिची आवृत्ती कोणती आणि बिल्ड क्रमांक कोणता, हे छोट्या चौकटीत दिसते. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ ही आहे आणि तिचा बिल्ड क्रमांक १९०४५ ने सुरू होतो. प्रणाली ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे सेटिंगमध्ये कळते. या तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या की निवड चुकत नाही.

दुसरा गैरसमज असा की वर्षभर अपडेट राहिली असेल, तर बाराही महिन्यांच्या फाइली आणाव्या लागतात. तसे नाही. विंडोज १० पासून दर महिन्याची मुख्य अपडेट ही संचयी असते. त्या आवृत्तीच्या मागील सर्व महिन्यांच्या दुरुस्त्या तिच्या पोटात असतात. सर्वांत ताजी एक फाइल पुरते. डॉटनेट फ्रेमवर्क या घटकाची अपडेट मात्र वेगळी येते, ती सोबत घ्यावी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून आणखी एक बदल झाला आहे. सूचीत एका अपडेटखाली कधी कधी दोन किंवा अधिक फाइली दिसतात, कारण नवी फाइल मधल्या एका टप्प्यावर उभी असते. अशा वेळी सगळ्या फाइली उतरवून एकाच फोल्डरात ठेवाव्यात आणि ‘डिझम’ या विंडोजमधल्याच साधनाला शेवटची फाइल दाखवावी. मधली पायरी ते स्वतः शोधून घेते.

विंडोज १० ची ही मासिक फाइल पाऊण जीबीच्या आसपास असते. एखाद्या कक्षात वीस संगणक आहेत आणि प्रत्येकाने ती स्वतंत्रपणे आणली, तर पंधरा जीबी लागतील. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर हे दहा दिवसांचे इंटरनेट झाले. एकदाच आणून वाटली, तर अर्धा दिवसही लागत नाही. नियमित इंटरनेट असलेल्या संगणकाला आपोआप येणारा भाग पुष्कळदा याहून लहान असतो, हे खरे; पण आमच्यासारख्या ठिकाणी तो ‘नियमित’ शब्दच लागू पडत नाही. विंडोज ११ च्या फाइली याहून पुष्कळ मोठ्या असतात, आणि तिथे एक साधी अडचण येते. पेनड्राइव्ह बाजारातून येतो तो बहुधा फॅट३२ या जुन्या मांडणीचा, आणि तिच्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. जागा शिल्लक दिसते, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा नकार मिळतो. पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट मांडणीत तयार करून घेतला की प्रश्न मिटतो. तसे करताना आतले सर्व पुसले जाते, एवढे ध्यानात असावे.

फाइल आली म्हणजे ती खरी आहे असे धरून चालत नाही. वाटेत जोडणी तुटली असेल, पेनड्राइव्ह खराब असेल किंवा कोणी मध्येच दुसरे काही ठेवले असेल. प्रत्येक फाइलीचा गणिताने काढलेला एक ठसा असतो. एक अक्षर जरी बदलले तरी तो ठसा पार बदलतो. कॅटलॉगमधून उतरवलेल्या विंडोजच्या फाइलींच्या नावाच्या शेवटी चाळीस अक्षरांची जी निरर्थक वाटणारी माळ असते, ती म्हणजे त्या फाइलीचा एसएचए-१ पद्धतीचा ठसा. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपण तो स्वतः काढून नावाशी ताडून पाहू शकतो. याखेरीज एसएचए-२५६ या अधिक भक्कम पद्धतीचा चौसष्ट अक्षरी ठसा काढून आम्ही तो वहीत लिहून ठेवतो. शिवाय फाइलीच्या गुणधर्मांत ‘डिजिटल सिग्नेचर’ या पानावर मायक्रोसॉफ्टची सही आहे का आणि ती वैध आहे का, हे दिसते. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितल्याचे आमची मुले वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतात. ठसा ताडून पाहण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांकडे दिले, तेव्हा त्यांना त्याचे कारण फारसे समजावून सांगावे लागले नाही.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. फाइल कक्षातील एका संगणकावर ठेवून इतरांना केवळ वाचण्यापुरती खुली करावी, म्हणजे पेनड्राइव्ह वीस ठिकाणी फिरत नाही. फाइलीवर दोनदा टिचकी दिली की विंडोजचे स्वतंत्र स्थापना-साधन सुरू होते, परवानगी विचारते आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करायला सांगते. नवी अपडेट आधी एकाच संगणकावर बसवून चार-सहा दिवस वापरावी, छपाई होते का, मराठी टंकलेखन चालते का हे पाहावे आणि मगच इतरांवर बसवावी. मागच्या महिन्याची फाइल लगेच पुसू नये. वेळेचे म्हणाल, तर जुन्या, फिरत्या हार्डडिस्कच्या संगणकाला एका अपडेटला तासभरही लागू शकतो. साध्या यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांची. त्यामुळे भारनियमनाचे वेळापत्रक पाहून, वीज जाण्याची शक्यता कमी असेल अशा वेळीच हे काम काढावे. आम्ही ते बहुधा रविवारी, वंदना आणि न्याहारी आटोपल्यावर करतो. अपडेट होत असताना वीज गेली, तर विंडोज बहुतेक वेळा मागच्या स्थितीला परतते. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर वीस संगणक टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. काम झाल्यावर पुन्हा ‘विनव्हर’ पाहावे. बिल्ड क्रमांकाच्या पूर्णविरामापुढचा आकडा वाढून अपडेटच्या माहितीत दिलेल्या आकड्याइतका झाला असेल, तरच ती बसली असे समजावे आणि वहीत त्या संगणकापुढे तारीख घालावी.

व्हायरस ओळखणाऱ्या डिफेंडरची ओळखयादी हा वेगळा भाग आहे. तीही स्वतंत्र फाइल म्हणून मिळते, पण दिवसातून अनेकदा बदलते. तिचा साठा करण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी बसवायची त्याच दिवशी आणावी.

अपडेट वेळीच साठवून का ठेवाव्यात, याचे उत्तर जुने संगणक देतात. संस्थांना देणगीत मिळणाऱ्या संगणकांत विंडोज ७ अजूनही आढळते. तिचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. असा संगणक कोरा करून पुन्हा उभा करायचा, तर २०११ सालचा सर्व्हिस पॅक १ आधी हवा. त्यानंतर २०१९ च्या मार्चमध्ये निघालेल्या दोन लहान अपडेट आधी बसवाव्या लागतात; एक स्थापना-यंत्रणेची आणि दुसरी नव्या पद्धतीची सही ओळखण्याची. त्या नसतील, तर २०१९ च्या मध्यानंतरची कोणतीही अपडेट विंडोज ७ स्वीकारत नाही, कारण तिच्यावरची सहीच त्या संगणकाला वाचता येत नाही. हा क्रम ठाऊक नसल्यामुळे चांगले चालू शकणारे संगणक भंगारात निघतात. दुसरे असे की जुन्या सहीच्या विंडोज फाइली मायक्रोसॉफ्टने आपल्या डाउनलोड केंद्रावरून ऑगस्ट २०२० मध्ये काढून टाकल्या. आज जे सहज मिळते ते दहा वर्षांनी त्याच जागी मिळेलच असे नाही.

विंडोज १० वर ही वेळ आता आली आहे. तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख आमच्या वाचकांना १९५६ च्या नागपूरमुळे जन्मभर पाठ आहे, तेव्हा निराळी लक्षात ठेवायला नको. त्या दिवशीची संचयी अपडेट ही विंडोज १० च्या प्रत्येक संगणकासाठी कायमची जपून ठेवण्याची फाइल आहे. पुढे कधीही संगणक नव्याने उभा करावा लागला, तर निदान त्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्या एका बैठकीत बसतील. त्यापुढच्या सुरक्षा अपडेट विकत मिळतात. शिक्षणसंस्थांसाठी त्यांचा दर प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा कंपनीने जाहीर केला. विंडोज ११ वर जायचे, तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकांत ते नसते.

अशा संगणकांना लिनक्स हा चांगला मार्ग आहे. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली आणि तिचीच शाळांसाठीची आवृत्ती डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे. डेबियन आणि उबुंटूमध्ये इंटरनेटविना अपडेट नेण्याची सोय विंडोजहून नेटकी वाटते. ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन आधी इंटरनेट नसलेल्या संगणकावर चालवावे. ते ‘मला काय काय हवे’ अशी चिठ्ठी लिहून देते. ती चिठ्ठी पेनड्राइव्हवर घेऊन इंटरनेट असलेल्या संगणकाकडे जावे, सामान भरून आणावे आणि मूळ संगणकावर उतरवावे. वाणसामानाची यादी घेऊन बाजाराला जाण्यासारखेच हे आहे.

यापुढचा भाग शहरांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्याकडे चांगले इंटरनेट असेल आणि विद्यालयाकडे येणे होणार असेल, तर त्या महिन्याच्या फाइली सोबत आणता येतील. निघण्यापूर्वी आमच्याकडून केबी क्रमांक आणि आवृत्ती विचारून घ्यावी, फाइल कॅटलॉगमधूनच उतरवावी आणि तिचे नाव बदलू नये. आमच्या कार्यालयातील जोडणी पाऊण जीबी ओढण्याइतकी नसली, तरी कॅटलॉगचे पान उघडून मूळ नाव पाहण्याइतकी बहुधा असते. त्या नावातील चाळीस अक्षरे आपण आणलेल्या फाइलीच्या ठशाशी मुले ताडून पाहतील. आणणारा कितीही जवळचा असला तरी पाहतील, त्याचा राग मानू नये.